नऊ महिन्यांची मुदत

पॅनच्या कडेने काळ्या वाळूची शेपटी सरकत गेली आणि तिच्या टोकाशी तीन पिवळे कण उरले. खसखशीच्या दाण्याएवढा एकही नव्हता. भिंगाखाली धरून टाचणीच्या टोकाने दाबून पाहिलं. अभ्रक असतं तर पापुद्रा सुटला असता, माक्षिक असतं तर भुगा झाला असता. हे कण चपटे झाले. फेब्रुवारी २००७ मधली सकाळ होती, आणि कुही व भिवापूरच्या मधल्या एका नाल्यात मी आणि मामा घोटाभर पाण्यात उभे होतो.

मामा म्हणजे गावातले आमचे मदतनीस. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. एक एकर धान, दोन एकरात तूर आणि मिरची. सगळं गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी पॅनमध्ये डोकावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, “एवढ्यासाठी आलेत का जी नागपूरहून?”

एवढ्यासाठीच आलो होतो. त्या तीन कणांपर्यंत पोचायला आम्हाला चार वर्षं लागली होती, आणि त्यातले डोंगरात, रानात घालवलेले दिवस चारच महिन्यांचे होते. बाकीचा सगळा काळ कागदाचा. मामा पुढे म्हणाले, की त्यांची आजी सांगायची, सोनझरी लोक पावसाळा सरला की या नाल्यांवर यायचे, लाकडी पाट्यांत वाळू धुवायचे आणि थंडी संपता संपता निघून जायचे. त्यांना कुणाची परवानगी लागत होती का, हे मी विचारलं नाही.

नागपुरात भूविज्ञान शिकलेल्या मुलाला खनिजांच्या कचेऱ्या शोधत हिंडावं लागत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं विभागीय कार्यालय, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, मॉइल, वेस्टर्न कोलफील्ड्स, एमईसीएल, सगळी एकाच शहरात. आमचे बहुतेक वर्गमित्र यातल्या कुठल्या ना कुठल्या दारातून आत गेले. मी २००० साली एका छोट्या खासगी शोधकंपनीत गेलो, कारण तेव्हा त्या धंद्यात नुकतीच हवा खेळू लागली होती. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात १९९९ च्या डिसेंबरात बदल झाला आणि रेकॉनेसन्स परमिट नावाची नवी पायरी आली. आमच्या बोलण्यात ती आरपी. आधी आरपी, म्हणजे मोठ्या प्रदेशावरून वरवरची पाहणी. त्यात काही आढळलं तर पीएल, म्हणजे प्रॉस्पेक्टिंग लायसन्स, जास्तीत जास्त २५ चौरस किलोमीटर. आणि ते फळलं तर एमएल, खाणीचा पट्टा. ज्याने शोधलं त्याला पुढच्या पायरीवर प्राधान्य, असं कलम ११ मध्ये लिहिलेलं. ते कलम मला तेव्हा पाठ होतं. आजही आहे.

आमची नजर साकोली समूहाच्या खडकांवर होती. भंडारा, नागपूर, गोंदिया, गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेला, फार जुना, दाबाखाली चुरगळलेला शिस्ट आणि फिलाइटचा पट्टा. सरकारी भूवैज्ञानिकांनी त्यात फार चांगलं काम करून ठेवलं होतं: खोबन्याला टंगस्टन, कोलारीला जस्त, पुलर-परसोडीला तांबं, आणि ठिकठिकाणी सोन्याच्या खुणा. आम्ही ३२० चौरस किलोमीटरसाठी अर्ज केला, जानेवारी २००३ मध्ये. सोबत टोपोशीटवर आखलेला नकाशा, प्रतिज्ञापत्रं, थकबाकी नसल्याचे दाखले, कामाचा आराखडा. सोनं आणि तांबं कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे राज्याने शिफारस करायची, दिल्लीने आधी मान्यता द्यायची आणि मग राज्याने आदेश काढायचा. मुंबई, दिल्ली, मुंबई, नागपूर असा तो कागद फिरला. करारावर सही झाली ऑक्टोबर २००६ मध्ये. परमिट तीन वर्षांचं होतं, मिळायला पावणेचार वर्षं लागली.

तरीही त्या दिवशी आम्ही मिठाई वाटली. हे सांगितलं पाहिजे, कारण तक्रार करणारा माणूस पहिल्यापासून तक्रारच करत होता असा समज होतो. मला त्या कायद्याचं कौतुक होतं. आरपीमध्ये खड्डा खणायचा नाही, चर मारायचा नाही, ठरवून दिलेल्या मोजक्या जागा सोडल्या तर बोअर घ्यायचं नाही, ही अट मला योग्यच वाटत होती. नुसतं बघायला आलेल्या माणसाने जमिनीला जखम करू नये. अडचण त्या अटीच्या कडेला सुरू झाली.

मातीचा नमुना वरच्या थरातून घेऊन चालत नाही. वरची माती वाहून आलेली असते, शेणखताची असते, गुरांनी तुडवलेली असते. खालच्या खडकाचं म्हणणं ऐकायचं तर हात-दीड हात खाली, जिथे मातीचा रंग बदलतो, तिथे पोचावं लागतं. कुदळीने एक भोक पाडायचं, चारशे-पाचशे ग्रॅम माती चाळून कापडी पिशवीत भरायची, क्रमांक लिहायचा, भोक पुन्हा बुजवायचं आणि पन्नास मीटर पुढे जायचं. दुसऱ्याच हंगामात एका वनरक्षकाने आम्हाला हटकलं. हे भोक म्हणजे खड्डा आहे की नाही? त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. कायद्यात ‘खड्डा’ हा शब्द होता, त्याची खोली नव्हती. त्याने वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना. उत्तर येईपर्यंत आम्ही तंबूत बसून राहिलो आणि फेब्रुवारीचे दोन आठवडे गेले. आमच्या कामाला वर्षात नोव्हेंबर ते एप्रिल एवढेच दिवस असतात. एप्रिलनंतर ऊन माणसाला उभं राहू देत नाही, आणि मोह वेचायला सगळं गाव पहाटे रानात जातं तेव्हा मदतनीसही मिळत नाहीत.

मग झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांबाहेर हा शब्द कुणी फारसा वापरत नसेल. जुन्या मध्य प्रांतातल्या महसुली नोंदींत ज्या पडीक, झुडपांच्या जमिनी अशा लिहिल्या गेल्या, त्यांवर आज कुठे शाळा आहे, कुठे स्मशान, कुठे घरं, कुठे गुरांचं चराऊ रान. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावला तेव्हापासून या जमिनी जंगल मानायच्या की नाही, हा प्रश्न लोंबकळत राहिला; मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने त्या वनच आहेत असं सांगितलं. आम्ही काम करत होतो तेव्हा महसूल खातं म्हणे वनखात्याला विचारा, वनखातं म्हणे आमच्या नकाशात ही जमीन नाही. एका नमुन्याच्या रेषेवर चालताना आम्ही तासाभरात तीन वेळा जंगलात जात होतो आणि तीन वेळा बाहेर येत होतो, आणि पायाखालची जमीन मात्र तीच, तेच लाजाळू, तीच बोरीची झुडपं. तलाठ्याकडचं निस्तार पत्रक, सातबारा, वनखात्याचा नकाशा आणि आमचं टोपोशीट ही चार कागदं एकमेकांशी जुळवण्यात माझ्या आयुष्याचे किती दिवस गेले ते मी मोजलेले नाहीत.

गावाची गोष्ट निराळी. तिथे मला कधी राग आला नाही. पहिल्या आठवड्यात एका गावातल्या बायांनी आमच्या खुंट्या उपटून टाकल्या. का, ते मामांनी समजावलं. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, तेव्हा आधी अशीच माणसं आली होती. डोक्यावर टोपी, हातात दुर्बीण, खांद्यावर पट्टी. त्यांनीही खुंट्या ठोकल्या होत्या. पुढे वैनगंगेचं पाणी मागे सरत आलं आणि मामांच्या बहिणीचं गाव उठलं. “मोजणारा आला की गाव जाते जी,” मामा म्हणाले. आमच्या परमिटची बातमी कचेऱ्यांना होती, राजपत्राला होती. ज्यांच्या बांधावरून आम्ही चालणार होतो त्यांना कुणी एका शब्दाने कळवलेलं नव्हतं. मग संध्याकाळी पारावर बसून, नकाशा पसरून आम्ही स्वतःच सांगायला सुरुवात केली. मला वाटतं, कायद्याने आमच्यावर ही एक अट घालायला हवी होती. ती मी आनंदाने पाळली असती.

तीन हंगामांत काम झालं. परमिटचा नियम असा, की दोन वर्षं झाली की निम्मं क्षेत्र सोडायचं आणि तीन वर्षांअखेर २५ चौरस किलोमीटरच्या आत यायचं. हाही नियम मला आवडत असे. काय सोडायचं हे ठरवताना भूवैज्ञानिक प्रामाणिक होतो. आम्ही १६० सोडले, मग आणखी सोडत गेलो, आणि शेवटी एका लांबट टेकाडाभोवतीचे अठरा चौरस किलोमीटर ठेवले. त्या टेकाडाच्या उतारावर, जवळजवळ दीड किलोमीटर लांबीच्या एका रेषेत, मातीतल्या सोन्याचे आकडे आजूबाजूपेक्षा वर होते. अब्जात काही भाग, एवढीच ती भाषा. सोबत आर्सेनिक, तेही चढं. आर्सेनिक हा सोन्याचा जुना सोबती. सोनं दिसत नाही तिथे तो दिसतो, म्हणून आम्ही त्याच्या मागावर असतो. नकाशावर मी ती रेषा तांबड्या पेन्सिलने काढली. ती मामांच्या वावराच्या वरच्या कोपऱ्यातून जात होती.

त्या रेषेखाली काय आहे? कदाचित गारगोटीच्या शिरा, त्यात माक्षिक, त्यात टनाला दोन-तीन ग्रॅम सोनं. कदाचित काहीच नाही. नुसती वास मारणारी आणि रिकामी शीर. हे कळायला चार चर आणि आठ-दहा बोअर पुरले असते. आणि चर मारायचा तर पीएल हवं. परमिट संपल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा होता. आम्ही डिसेंबर २००९ मध्ये केला. अशा अर्जाचा निकाल राज्याने नऊ महिन्यांत लावावा, असं नियमातच लिहिलेलं होतं.

मी ते मामांना सांगितलं. त्याच हिवाळ्यात त्यांनी विचारलं होतं, “वरच्या कोपऱ्यात विहीर खणू का नको खणू जी? पैसा घालायचा आणि उद्या जागाच गेली तर?” मी म्हणालो, थांबा थोडं. नऊ महिन्यांत कळेल.

पहिलं पत्र तेराव्या महिन्यात आलं. त्रुटी होत्या. नकाशावर गावाच्या शिवेची हद्द ज्या रंगात हवी त्या रंगात नव्हती, आणि एका प्रतिज्ञापत्राची मुदत आमच्या अर्जाच्या काळात, म्हणजे त्यांच्याच टेबलावर पडून, संपली होती. आम्ही दहा दिवसांत पूर्तता केली. त्यानंतर आठ महिन्यांनी दुसरं पत्र, दुसऱ्या त्रुटी. त्या पहिल्या पत्रात का नव्हत्या, हे मी विचारलं तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने खरं उत्तर दिलं: ती फाइल तेव्हा दुसऱ्या माणसाकडे होती. या मंडळींबद्दल माझ्या मनात वैर नाही. एक तरुण सरकारी भूवैज्ञानिक तर आमच्याबरोबर दिवसभर टेकाडावर चालला, आमचे नमुने स्वतः तपासले आणि स्वच्छ अहवाल लिहिला. जिन्यात तो मला म्हणाला, “सर, ‘हो’ लिहिलं तर उद्या चौकशी होऊ शकते. ‘नाही’ लिहिलं तर अपील होऊ शकतं. काहीच लिहिलं नाही तर कुणी विचारत नाही.” इतक्या वर्षांत मला या व्यवस्थेचं याहून अचूक वर्णन कुणी केलेलं नाही. मुदत नियमात होती, पण मुदत उलटल्याचा भार कुणाच्याच अंगावर नव्हता.

२०१२ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झालं. वाघ तिथे होतेच, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. रात्री तंबूबाहेर त्यांची हाक ऐकलेली आहे. आमचं टेकाड अभयारण्याच्या बाहेर होतं, पण हद्दीपासूनचं अंतर दाखवणारा नवा नकाशा, नवा दाखला, नवी संयुक्त पाहणी, हे सगळं पहिल्यापासून आलं. संयुक्त पाहणीला तीन खात्यांची माणसं एका दिवशी यावी लागतात. त्या एका दिवसाची वाट आम्ही चौदा महिने पाहिली.

त्यातली बरीचशी वाट माझ्या सहकाऱ्यांनी पाहिली, कारण २०११ ते २०१३ मी पश्चिम ऑस्ट्रेलियात काल्गुर्लीच्या परिसरात कंत्राटावर होतो. तिथला खाणकायदा १९७८ चा. मला त्यातल्या दोन गोष्टी फार लागल्या. एक, शोधाच्या परवान्याबरोबर दर वर्षी जमिनीवर किमान किती खर्च करायचा ते बांधून दिलेलं असतं. कागद मुठीत धरून बसणाऱ्याचा परवाना जाऊ शकतो. दुसरी, सापडो न सापडो, शोधणाऱ्याने काय काय पाहिलं ते सरकार जपून ठेवतं. अहवाल काही वर्षांनी सगळ्यांना खुले होतात. काल्गुर्लीत सरकारी कोअर ग्रंथालय आहे, जो लॉर्ड यांच्या नावाचं. मांडण्यांवर ट्रे, ट्रेमध्ये बोअरमधून निघालेले खडकाचे गाभे, प्रत्येकावर खोलीचा आकडा. मी शाळेत असताना कुणीतरी काढलेला एक गाभा तिथे मागवून टेबलावर पसरून पाहिला. ज्याने तो काढला त्याला काही मिळालं नव्हतं. त्याचं ते न मिळणं माझ्या उपयोगी पडलं. तिथे पुन्हा भोक पाडायची गरज उरली नाही. त्या टेबलापाशी मला आमच्या नागपूरच्या गोदामातल्या कापडी पिशव्या आठवत राहिल्या. तिथेही सारं ठीक आहे असं मी म्हणणार नाही. मे २०२० मध्ये जुकन घळीतली, हजारो वर्षांच्या मानवी वस्तीच्या खुणा असलेली शैलाश्रयं लोखंडाच्या खाणीसाठी सुरुंगाने उडवली गेली, आणि तेव्हाच्या कायद्याने त्याला परवानगी होती. आदिवासींच्या जागांबद्दल कायदा किती हळवा असावा याचं उत्तर त्यांनाही सापडलेलं नाही. पण उत्तर द्यायचं आहे, हे त्यांच्या कचेऱ्या विसरत नाहीत.

परतलो तेव्हा मामांची विहीर तशीच होती, म्हणजे नव्हती. त्यांनी शेजारच्याचं अर्धा एकर घ्यायचं ठरवलं होतं. शेजाऱ्याने विकलं नाही, कारण खाण येणार म्हणून भाव वाढणार होता. दुसऱ्या एकाला विकायचं होतं. त्याच्याकडून कुणी घेतलं नाही, कारण खाण येणार म्हणून जमीन जाणार होती. एका टेकाडावरच्या एका अर्जाने सगळा शिवार थिजून गेला होता. कंपनीचं नुकसान मला पैशात सांगता येतं. हे नुकसान कुठल्या रकान्यात लिहितात?

दरम्यान देशात वारं फिरलं होतं, आणि त्याला कारणं होती. पहिला येईल त्याला पहिलं, या पद्धतीचा मी लाभार्थी होतो, तरी सांगतो की तिचा फार गैरवापर झाला. हातोडा कधी न उचललेल्या माणसांनी शेकडो चौरस किलोमीटरवर अर्ज टाकून ठेवले, पुढे कुणाला तरी विकता येतील म्हणून. फेब्रुवारी २०१२ मध्ये टू-जीच्या निकालाने ही पद्धतच सदोष ठरवली. त्याच वर्षी गोव्यातलं लोहखनिजाचं खाणकाम थांबलं. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोळशाचे दोनशेहून अधिक पट्टे रद्द केले. आणि १२ जानेवारी २०१५ च्या वटहुकमाने खनिजांसाठी लिलाव आला; प्रलंबित अर्ज, थोडे अपवाद वगळता, एका दिवसात अपात्र झाले. नव्या कायद्यात शोधासाठी एक परमिट ठेवलं होतं, पण ते अनन्य नव्हतं आणि त्यातून पुढे कसलाही हक्क मिळणार नव्हता. शोधा, पण सापडलं तरी ते तुमचं नाही.

लोखंडाचा डोंगर उघडा दिसतो. कोळशाचा थर किती जाड आहे ते सरकारला आधीच ठाऊक असतं. त्याचा लिलाव करा, जरूर करा. ती लोकांची संपत्ती आहे. पण मातीखाली दडलेल्या, असेल-नसेल अशा शिरेचा लिलाव कसला करणार? तिथे विकायला काहीच नसतं, एका माणसाचा अंदाज आणि त्याची पायपीट सोडली तर. खाणवाल्यांनी केलेल्या लुटीचा हिशेब शोधणाऱ्यांकडून वसूल झाला, आणि या दोन जमाती वेगळ्या आहेत हे सांगायला आमच्यापैकी कुणी पुरेसा मोठ्याने बोलला नाही. मीही बोललो नाही.

आमचा अर्ज त्या अपवादांत बसला. ज्यांनी आरपीखाली काम केलं होतं त्यांचा पुढचा हक्क कलम १०अ च्या एका पोटकलमाने राखला होता. आम्हाला हायसं वाटलं. आणखी सहा वर्षं अभिप्राय मागवले गेले, दिले गेले, पुन्हा मागवले गेले. २८ मार्च २०२१ ला पुढची दुरुस्ती आली आणि तो राखलेला हक्कही संपला. झालेल्या खर्चाची भरपाई देण्याची तरतूद त्यात होती. तोपर्यंत नागपूरचं ऑफिस बंद झालं होतं. गोदामाचं भाडं थकलं, मालकाने जागा रिकामी केली. हजारो पिशव्या होत्या. काहींचं कापड उंदरांनी कुरतडलेलं, बऱ्याचशा शाबूत. ट्रॅक्टरमध्ये भरून कुठेतरी भरावाला टाकल्या. मी फक्त माझ्या फील्ड डायऱ्या घरी आणल्या, अकरा आहेत.

ऑगस्ट २०२३ पासून एक्सप्लोरेशन लायसन्स आलं आहे, सोनं, तांबं, लिथियम धरून २९ खनिजांसाठी. एक हजार चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र आणि पाच वर्षं. शोधणारा वेगळा आणि खाणवाला वेगळा, हे पहिल्यांदा कायद्याने ओळखलं याचा मला मनापासून आनंद झाला. पण हेही लायसन्स लिलावानेच. शोधणाऱ्याने आधी सांगायचं, की पुढे कधी खाण झालीच तर तिच्या प्रीमियममधला किती हिस्सा मला हवा, आणि जो सर्वांत कमी मागेल त्याला परवाना. तो हिस्सा पन्नास वर्षांपर्यंत मिळेल खरा, पण पहिला रुपया येणार तो खाण विकली गेल्यावर, मंजुऱ्या झाल्यावर, माल निघाल्यावर. तोपर्यंत चार माणसांच्या कंपनीने खायचं काय, हे माझ्या कोष्टकात बसत नाही. त्याच वर्षी वनकायद्यात दुरुस्ती होऊन शोधाच्या सर्वेक्षणाला केंद्राच्या अटींवर वाटही मोकळी झाली. आमच्या त्या वनरक्षकाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पंधराहून अधिक वर्षं लागली.

आता मी पाण्याची कामं करतो. शेतकऱ्यांना विहिरीची, बोअरची जागा सांगतो. या कामाला लायसन्स लागत नाही आणि उत्तर आठवड्यात मिळतं. गेल्या हिवाळ्यात त्या बाजूला गेलो तेव्हा मामांकडे थांबलो. मिरची अंगणात वाळत होती. मामा थकले आहेत, पण चालतात. म्हणाले, विहीर पाहून या, रोजगार हमीतून झाली, वरच्या कोपऱ्यात.

अडतीस फूट खोल. खालचे पंधरा फूट सुरुंग लावून फोडलेले. काठावर दगडांचा ढीग तसाच पडलेला, आणि ढिगात पांढरी गारगोटी. मी वाकलो. गारगोटीत रुपेरी, काटेरी स्फटिकांचे पट्टे होते, गंजून कडेला हिरवट पिवळे झालेले. ज्या चरासाठी आम्ही अकरा वर्षं अर्ज धरून उभे होतो तो इथे उभा खणलेला होता. मामांनी एक दगड उचलून दुसऱ्यावर मारला आणि माझ्या नाकापाशी धरला. “लसणाचा वास येते का नाई? गडी लोक म्हणत होते, देवाची काही करणी आहे.”

आर्सेनोपायराइटवर घाव घातला की लसणाचा वास येतो. पहिल्या वर्षाच्या मुलालाही ते शिकवतात.

“तर सोनं होतं का जी मग?” मामांनी विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही मामा. ते खरं होतं. तो दगड प्रयोगशाळेत दिला असता तर चार दिवसांत कळलं असतं. पण परमिटशिवाय खनिजाची पाहणी करायला कायद्याची मनाई आहे, आणि तो कायदा मी इतकी वर्षं पाळत आलो होतो. दगड हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. मग विहिरीत बघितलं. मामांचा नातू बादली ओढत होता; वर आल्यावर त्याने ओंजळ भरून पाणी प्यायलं.

आमच्या २००९ च्या अहवालात त्या उताराच्या मातीतलं आर्सेनिक, जागेसकट, नकाशासकट लिहिलेलं आहे. त्याच्या प्रती नेमून दिलेल्या सगळ्या कचेऱ्यांत गेल्या. आमच्या लेखी ती सोन्याची खूण होती. पाणी कुणी पिणार आहे, हे त्या तांबड्या रेषेकडे पाहताना माझ्या मनात आलं नव्हतं. मी मामांना काहीच सांगितलेलं नव्हतं. फक्त नऊ महिने थांबा, एवढंच.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. डोळ्याला, जिभेला ते कळत नाही. मी दगड ढिगावर ठेवला आणि मामांना सांगितलं, तपासून येईपर्यंत हे पाणी मिरचीला द्या, पिऊ नका, गावातून कळशी आणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आणि हे किती दिवसांत कळेल?”

मी जीपमधून बाटली आणली, त्याच पाण्याने तीनदा विसळली, काठोकाठ भरली आणि झाकण घट्ट लावलं. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि खोली लिहिली. पाण्याची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते, म्हणून चहाला न थांबता निघालो.